पहिल्या जोडीनंतरचे स्पाइक्स: प्लेट किती कडक घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पंधरा वर्षांची आहे, 100 आणि 200 मीटर धावते, अधूनमधून तिला 4×400 रिलेतही उतरवतात. पहिली दोन वर्षं मऊ प्लेटच्या साध्या स्पाइक्सवर, म्हणजे तळव्याला पिना असलेल्या धावण्याच्या बुटांवर, निघाली. आता ते झिजलेत आणि बोटांना लागतातही. सोबत सराव करणाऱ्या मोठ्या मुली कार्बन प्लेटचे स्पाइक्स घालतात. त्यांतल्या एकीची जोडी घालून हिने एक दिवस सराव केला. ब्लॉकमधून, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांतून, निघताना एकदम उडाल्यासारखं वाटलं, आणि पुढचे दोन दिवस पोटऱ्या इतक्या धरल्या की जिना उतरताना कठडा पकडावा लागला. तुम्ही विचारलंय की कार्बन घ्यावा की मधला पर्याय, पाय वाढतोय म्हणून एक नंबर मोठा घ्यावा का, आणि पिना किती लांबीच्या लावाव्यात.

यातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाताजाता दिली आहे, ती म्हणजे पोटऱ्या. उडाल्यासारखं वाटणं आणि पोटऱ्या धरणं या दोन्हींचं कारण एकच आहे. ते नीट कळलं की कंपनी, मॉडेल, रंग हे प्रश्न आपोआप मागे पडतात. म्हणून आधी त्याबद्दलच बोलतो.

स्पाइकमध्ये धावण्यावर खरा परिणाम करतो तो चवड्याखालचा भाग, म्हणजे प्लेट. सुरुवातीच्या जोड्यांत ती नायलॉनसारख्या प्लास्टिकची असते आणि दोन हातांनी सहज वाकते. मधल्या जोड्यांत पेबॅक्ससारखं ताठ पण वाकून लगेच सरळ होणारं प्लास्टिक असतं. वरच्या जोड्यांत कार्बन फायबर, जे हाताने वाकवायला गेलात तर दाद देत नाही. शिवाय या कडक प्लेटा पुढच्या बाजूला वर वळवलेल्या असतात. नुसतं उभं राहिलं तरी बोटं उचललेली राहतात आणि अंग पुढे ढकलल्यासारखं वाटतं. दुकानात पहिल्यांदा पाय घातल्यावर मुलं चमकतात ती यामुळेच.

आता कडकपणाचा उपयोग काय? धावताना पाय जमिनीवर टेकतो, शरीर त्याच्यावरून पुढे जातं आणि बोटांच्या मुळाशी असलेला सांधा वाकतो. या वाकण्यात ऊर्जा खर्च होते आणि त्यातली फारच थोडी परत मिळते, कारण सांधा पुन्हा सरळ व्हायच्या आत पाय जमीन सोडून गेलेला असतो. प्लेट कडक असेल तर हा सांधा कमी वाकतो आणि ती गळती कमी होते. हा झाला फायदा. पण त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट घडते. जमिनीवरचा जोर पावलाच्या आणखी पुढच्या टोकाकडे सरकतो. घोट्यापासून त्या टोकापर्यंतचं अंतर वाढतं, म्हणजे तरफ लांब होते, आणि लांब तरफ सांभाळायची जबाबदारी येते पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलिस शिरेवर. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग असतं. तेवढ्या वेळात पोटरीने घोटा घट्ट धरला तर कडक प्लेट वेग देते. नाही धरला तर टाच खाली जाते, पाऊल जमिनीवर जास्त वेळ राहतं, आणि जो ताण वेगात बदलायला हवा होता तो शिरेत मुरतो. ज्याला प्रत्यंचा पूर्ण ओढता येत नाही त्याच्या हातात भारी धनुष्य दिलं तर बाण हलक्या धनुष्यापेक्षाही जवळ पडतो, तसंच हे आहे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत ब्लॉकमधून निघतानाची पहिली काही पावलं छान गेली, कारण तिथे पाऊल जमिनीवर जास्त वेळ असतं आणि ढकलायला वेळ मिळतो. पुढे वेग वाढला, वेळ कमी झाला आणि पोटऱ्यांना ते झेपलं नाही. हा माझा अंदाज आहे. प्रत्यक्ष धावताना पाहिल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. पण दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखल्या असतील आणि दोन दिवसांत मोकळ्या झाल्या असतील तर मला दुसरं कारण दिसत नाही.

इथे एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातील डॅरेन स्टेफॅनिशिन आणि चिरो फुस्को यांनी 2004 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी धावपटूंच्या स्वतःच्याच स्पाइक्समध्ये कमी-जास्त कडकपणाच्या कार्बन प्लेटा घालून त्यांना धावायला लावलं. सरासरीने वेळ सुधारली. पण कुणाला कोणत्या कडकपणाची प्लेट सर्वांत मानवली, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं निघालं. आणि ते धावपटूचं वजन, उंची, बुटाचा नंबर किंवा दर्जा यांपैकी कशावरूनही आधी ओळखता आलं नाही. म्हणजे वजन एवढं, वेळ एवढी, तर स्पाइक अमुक, असे जे तक्ते फिरत असतात त्यांना फारसा आधार नाही. मैत्रिणीला जे जमलं ते हिला जमेलच असं नाही, मग दोघींची 100 मीटरची वेळ सारखी का असेना. घालून, धावून, पाहूनच ठरवावं लागतं.

मी माझ्याकडच्या मुलामुलींना कडक प्लेट देण्याआधी चार गोष्टी पाहतो. हे प्रयोगशाळेतले निकष नाहीत. सरावात टिकलेले आहेत, एवढंच.

पहिली गोष्ट पोटरीची ताकद. अनवाणी, एका पायावर, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची. वीस-पंचवीस वेळा, शेवटचीही पहिलीइतकीच उंच. बहुतेक मुलं पंधराव्या वेळेपासून उंची चोरायला लागतात किंवा गुडघा वाकवतात, तिथेच मोजणं थांबवायचं. दोन पायांत मोठा फरक असेल तर प्लेटचा विचार बाजूला ठेवून आधी तो फरक भरून काढायचा.

दुसरी गोष्ट, घोट्याचा ताठपणा. गुडघे जवळजवळ न वाकवता चवड्यांवर जागच्या जागी छोट्या, झटपट उड्या मारायला सांगतो, आधी दोन पायांवर आणि मग एकेका पायावर. इथे मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवतो. ताठ घोट्याचा आवाज टक-टक असा आखूड येतो. घोटा सैल असेल तर टाच टेकते आणि आवाज थपथपीत होतो.

तिसरी गोष्ट व्हिडिओ. फोन कमरेच्या उंचीवर धरून, बाजूने, 40 ते 60 मीटरच्या टप्प्यात, स्लो-मोशनमध्ये. पाऊल शरीराच्या किती पुढे पडतंय आणि टाच किती खाली जातेय, हे पाहायचं. टाच जमिनीच्या जवळ येणं, क्वचित हलकेच टेकणंही चालतं. पण शेवटच्या 30 मीटरमध्ये प्रत्येक पावलाला टाच धपकन बसत असेल तर कार्बन प्लेट तिला मदत करणार नाही. एकच धाव पाहून ठरवू नका. चौथी-पाचवी धाव पाहा, कारण ताज्या पायांनी सगळेच चांगले दिसतात.

चौथी गोष्ट जुन्या जोडीचा तळवा. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या कडेला पिना आणि प्लेट जास्त झिजणं साहजिक आहे, कारण पाऊल तिथूनच टेकतं. टाचेखालचं रबर खूप झिजलं असेल तर एकतर ती टाचेवर धावते, नाहीतर स्पाइक्स घालून वॉर्म-अप करते आणि बाकावरून पाण्याच्या बाटलीपर्यंत चालतेही. दुसरं असेल तर फक्त सवय बदलायची.

दुकानात करता येण्याजोगी एक छोटी परीक्षाही आहे. नवी जोडी घालून, लेस नीट बांधून, रबरी चटईवर एका पायाची टाच हळूहळू उचलायची. पायासोबत बूटही वाकला पाहिजे. प्लेट वाकत नाही आणि टाच बुटातून बाहेर निघते, असं झालं तर एकतर माप मोठं आहे किंवा ती प्लेट तिच्यासाठी आज तरी जास्त कडक आहे. एक नंबर लहान घालूनही तसंच झालं तर उत्तर मिळालं.

वयाबद्दल अगदी ठोस आकडा मी देत नाही, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. तरी माझा कल सांगतो. बारा-तेराच्या आतल्या मुलांना स्पाइक्सची गरजच कमी असते. आठवड्यातून एखाद्या वेळी ब्लॉकचा सराव आणि शर्यत एवढ्यापुरती मऊ जोडी पुरे. उंची झपाट्याने वाढत असताना प्लेट कडक करायची नाही, कारण हाडं आधी लांबतात आणि स्नायू-शिरा मागून येतात. या काळात टाचेच्या हाडाला अजून वाढीची कूर्चा असते आणि अकिलिस नेमकी तिथेच ओढते. दहा-बारा वर्षांची मुलं टाच दुखते म्हणतात ती बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी स्पाइक्स काही काळ बाजूला ठेवणंच बरं. तुमच्या मुलीची उंची गेल्या सहा महिन्यांत किती वाढली, हे भिंतीवर खूण करून पाहा. फारशी वाढली नसेल तर एक मोठी काळजी मिटली.

मग ते नवे, जाड फोमचे 'सुपर स्पाइक्स'? त्यांत कडक प्लेटच्या जोडीला चवड्याखाली उसळी देणारा फोम किंवा हवेची पिशवी असते. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमधली पुरुषांची 400 मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, आठवा. कार्स्टन वॉरहोमने 45.94 सेकंदांत जागतिक विक्रम केला आणि दुसरा आलेला राय बेंजामिन 46.17 मध्ये आला, म्हणजे तोही जुन्या विक्रमाच्या आतच. बेंजामिनच्या नायकीच्या बुटात चवड्याखाली हवेची पिशवी होती, तर वॉरहोमचा बूट प्यूमाने मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन संघासोबत बनवलेला, पातळ, कार्बनचा. शर्यतीनंतर वॉरहोमने त्या उसळीच्या बुटांवर उघड टीका केली आणि बराच वाद झाला. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बुटांची घडण अगदी वेगवेगळी, तरी दोघेही इतिहासातल्या सर्वांत वेगवान धावा धावले. त्या पातळीवरसुद्धा एकच बरोबर उत्तर नसतं.

वाढत्या वयाच्या धावपटूसाठी फोमच्या स्पाइकचा एक गुण आहे, तो म्हणजे पोटऱ्यांना जरा कमी मार बसतो. एक अवगुणही आहे. पाय जमिनीपासून उंच राहतो, त्यामुळे वळणावर घोटा डगमगतो. 200 मीटरवाल्या मुलीला तो पहिल्या 100 मीटरमध्येच जाणवेल. नियमाचंही लक्षात ठेवा. या खेळाची जागतिक संघटना वर्ल्ड ॲथलेटिक्सने ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी जास्तीत जास्त 20 मिलिमीटर ठेवली आहे. पूर्वी 800 मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींना 25 मिलिमीटरची सवलत होती, ती 1 नोव्हेंबर 2024 पासून गेली. मान्यताप्राप्त बुटांची यादीही त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यांच्या नियमांनी होणाऱ्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर मॉडेल त्या यादीत आहे का, हे घेण्याआधी पाहून ठेवा. रस्त्यावर धावायचे जाड बूट ट्रॅकवर आणले म्हणून अडचणीत आलेली मुलं आहेत.

शर्यतीच्या प्रकारावर थोडं. 100 मीटरला कडक, पुढे वळलेली प्लेट शोभते, टाचेखाली जवळजवळ काहीच नसलं तरी चालतं. 200 मीटरला वळण आहे. धाव घड्याळाच्या उलट दिशेने असल्यामुळे दोन्ही पावलं सारखं काम करत नाहीत, म्हणून पावलाच्या मध्यावर बूट बाजूंनी घट्ट धरणारा हवा. 400 मीटरला शेवटच्या 100 मीटरमध्ये कुणाचीही टाच खाली येतेच, तेव्हा तिथे थोडं टाचेचं रबर आणि थोडी मवाळ प्लेट फायद्याची. हर्डल्सवाल्यांना अडथळ्यापलीकडे उतरताना टाचेला आधार लागतो. लांब उडीसाठी वेगळे बूट असतात, तो विषय इथे नको. तुमच्या मुलीसाठी 200 मीटर डोळ्यांसमोर ठेवून घ्या. त्याच जोडीत 100 आणि रिले दोन्ही निभावतात. रिलेसाठी निराळी जोडी घेण्याइतकं काही अडलेलं नाही.

आता माप. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण चुकीच्या मापाचा भारी स्पाइक योग्य मापाच्या साध्या स्पाइकपेक्षा हळू असतो. एक नंबर मोठा अजिबात नको. यूके मापात एका पूर्ण नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. रोजच्या बुटात तो खपतो. स्पाइकमध्ये मात्र तेवढ्या जागेत पाय पुढे-मागे घसरतो आणि बोटं बूट पकडून ठेवायला आत वळतात. बोटं वळली की ढकलणं संपलं. त्यात प्लेट पायाच्या मापाने बनवलेली असते. बूट मोठा झाला की प्लेटची वाकण्याची जागा सांध्याच्या पुढे जाते आणि तीच प्लेट आणखी कडक लागायला लागते. वाढीसाठी जागा ठेवायला गेलो आणि पोटरीवरचा ताण वाढवून बसलो, असं होतं.

दुसऱ्या टोकाला 'स्पाइक चावलाच पाहिजे' म्हणणारेही आहेत. त्यांचं ऐकून मुलं नखं काळी करून घेतात. माझं माप असं: उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोट टोकाला अगदी हलकंसं लागावं किंवा तीन-चार मिलिमीटर मागे असावं, आणि बोटं पूर्ण सरळ असावीत. चवड्याचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या रुंद भागात बसावा. टाच उचलताना बूट सोबत यावा. पाय रुंद असेल तर लांबी वाढवून रुंदी मिळवायचा प्रयत्न करू नका. दुसऱ्या कंपनीचा साचा पाहा, प्रत्येकीचा वेगळा असतो. संध्याकाळी, सरावानंतर माप घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मोजे घालून धावणार असेल तर तेच मोजे घालून, अनवाणी धावणार असेल तर अनवाणी. बरेचसे स्पाइक्स मुलामुलींसाठी एकाच, पुरुषांच्या मापात येतात, म्हणून नंबरापेक्षा डबीवरचे सेंटिमीटर वाचा.

वाढीचं म्हणाल तर मुलींच्या पावलाची वाढ उंचीच्या आधी थांबते. पंधराव्या वर्षी पाऊल अजून पूर्ण नंबराने वाढेल, अशी शक्यता कमी. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ काढा, तारीख लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा काढा. दोन रेघा एकावर एक आल्या तर नेमक्या मापाचा बूट बिनधास्त घ्या. मुलगा असता तर इथे मी वेगळं बोललो असतो आणि फार तर अर्ध्या नंबराची सूट दिली असती.

लेस हा भाग कुणी विचारत नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उसेन बोल्टने 100 मीटर 9.69 सेकंदांत जिंकली तेव्हा त्याच्या एका बुटाची लेस सुटलेली होती. म्हणून लेस सुटली तरी चालते, असा अर्थ काढणारी मुलं मी पाहिली आहेत! तुमच्या मुलीला दोन गाठी मारून टोकं लेसच्या आत खोचायला शिकवा.

पिनांचं उत्तर सोपं आहे. सिंथेटिक ट्रॅकवर 6 मिलिमीटरच्या, पिरॅमिड आकाराच्या. नियमाने सिंथेटिक ट्रॅकवर पिन 9 मिलिमीटरपर्यंत चालते, उंच उडी आणि भालाफेकीला 12. पण बऱ्याच मैदानांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात आणि तिथे 6 च्या वर चालत नाही. सुईसारख्या पिना ट्रॅक फोडतात म्हणून कित्येक ठिकाणी बंद आहेत. पायऱ्या-पायऱ्यांच्या, झाडासारख्या दिसणाऱ्या पिना पृष्ठभागात घुसण्याऐवजी त्याला दाबतात, त्याही चांगल्या. स्पर्धेच्या माहितीपत्रकात पिनेचा आकार आणि लांबी लिहिलेली असते, ती आदल्या आठवड्यात वाचा. मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर 9 किंवा 12 मिलिमीटर लागतात, नाहीतर पाय घसरतो.

लांब पिना म्हणजे जास्त पकड आणि जास्त पकड म्हणजे जास्त वेग, असा हिशेब मुलं करतात. खोल घुसलेली पिन बाहेरही काढावी लागते. जास्त पिनांचंही तसंच. 1968 मध्ये प्यूमाने ब्रशसारख्या बारीक दातांचा, 68 टोकांचा स्पाइक काढला होता. जॉन कार्लोस तो घालून अमेरिकेत एको समिट इथे 200 मीटर 19.92 सेकंदांत धावला, पण ते बूट नियमात बसत नसल्यामुळे त्याचा जागतिक विक्रम मान्य झाला नाही. आज नियमाने एका बुटाला जास्तीत जास्त 11 पिना चालतात. तुम्ही पाहाल त्या जोड्यांत बहुधा सहा ते आठ असतील आणि तेवढ्या पुरतात.

पिना किल्लीने घट्ट करा, पण सगळा जोर लावून नको, आटे गेले तर प्लेटच वाया. महिन्यातून एकदा काढून, पुसून परत बसवा, नाहीतर गंजून तिथेच बसतात. एकाच पायाच्या अर्ध्या पिना बदलू नका, उंची सारखी राहिली पाहिजे. सिमेंटवर चालणं बंद.

नवी जोडी आली की लगेच शर्यतीत नाही. पहिल्या आठवड्यात पूर्ण वॉर्म-अप साध्या बुटांत, आणि शेवटी सरळ भागावर 50-60 मीटरच्या चार सहज धावा नव्या जोडीत. वेग ऐंशी टक्क्यांच्या पुढे नाही. दुसऱ्या आठवड्यात उभ्याने 30 मीटरची वेगवाढ. तिसऱ्यात ब्लॉक. वळण चौथ्या आठवड्यात, कारण त्यात एकाच बाजूवर भार येतो. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस नव्या जोडीत नको, आणि ते दोन दिवस लागोपाठ नकोत. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जड वाटल्या तर पुढचा दिवस सोडा, फार दुखल्या तर पुढचा आठवडा मागचाच परत करा. या काळात जुन्यासारखी मऊ जोडी हाताशी असली की उत्तम. जुनी बोटांना लागत असेल तर सरावाला साधे, हलके धावण्याचे बूट चालतील.

कोणत्या दुखण्याकडे लक्ष द्यायचं ते स्पष्ट सांगतो. पोटरीच्या मांसल भागात, दोन्ही बाजूंना सारखं, दोन दिवसांत जाणारं दुखणं हे व्यायामाचं दुखणं. पण अकिलिस शिरेवर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना येणारा ताठरपणा, अंगठ्याच्या मुळाखाली टोचणं किंवा नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखणं, यांपैकी काहीही असेल तर स्पाइक्स बंद. आणि पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, कमानीच्या माथ्यावर दाबल्यावर दुखत असेल तर थेट हाडांच्या किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे जा. तिथल्या नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका वेगाने धावणाऱ्यांना असतो. सुरुवातीला ते दुखणं धावल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, म्हणून मुलं महिनोन्‌महिने बोलतच नाहीत. तिला आठवड्यातून एकदा मुद्दाम विचारत जा.

वापरलेली जोडी कुणी देत असेल तर कार्बनच्या बाबतीत प्लेट आडवी धरून तडा आहे का पाहा, आणि फोमचा बूट असेल तर घेऊच नका, फोम आधीच्या मालकिणीच्या पायाखाली दबलेला असतो.

तर तुमच्या मुलीसाठी मी काय घेईन? मधल्या कडकपणाची, पेबॅक्ससारख्या प्लेटची जोडी, नेमक्या मापाची, 6 मिलिमीटरच्या पिरॅमिड पिनांसह. जुन्या मऊ जोडीपेक्षा ती पुरेशी वेगळी लागेल आणि पोटऱ्यांना शिकायला वाव देईल. कार्बनमुळे मिळणारा सरासरी फायदा एक टक्क्याच्या आसपासचा धरला तर 13 सेकंदांच्या धावेत 0.13 सेकंद होतात. ते कमी नाहीत, हे मान्य. पण पंधराव्या वर्षी पोटरीची ताकद, ब्लॉकमधून निघण्याची दिशा आणि शेवटच्या 30 मीटरमधली कंबरेची उंची यांतून याहून जास्त मिळतं. आणि ती ताकद आली की कार्बनचा फायदाही तिला खरोखर घेता येतो. टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा लावा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. हंगाम संपल्यावर त्या चार गोष्टी पुन्हा पाहा. एका पायावर पंचवीस वेळा स्वच्छ जमत असेल आणि पाचव्या धावेतही टाच वर राहत असेल, तर मैत्रिणीची कार्बनची जोडी पुन्हा एकदा मागा. मात्र तिचं माप जुळतं का, ते आधी पाहा. या खेपेला फक्त चार धावा, त्याही सरळ भागावर. मग दोन दिवस थांबून पोटऱ्या काय म्हणतात ते कळवा.